कोरियातून परत यायचंय, पण ओळखी सगळ्या आपल्याच लॅबच्या. काय करावं?

रंकाळा_ग्वांगजू:
नमस्कार मंडळी, एवढे दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितोय. मी कोल्हापूर जिल्ह्यातला, शिवाजी विद्यापीठातून फिजिक्समध्ये पीएचडी, विषय थिन फिल्म (काचेवरचा पातळ थर) आणि सुपरकपॅसिटर (झटपट चार्ज होणारं वीज साठवायचं साधन), सध्या कोरियात ग्वांगजूला पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं करारावरचं संशोधन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कोल्हापूर ते कोरिया ही आमच्याकडं एसटीच्या फेरीसारखी चालू असते. एक सीनियर येतो, तो प्रोफेसरला सांगतो माझ्या मागचा पोरगा पण चांगला आहे, मग तो येतो, तो पुढच्याला आणतो. आमच्याकडं महागडी मशीन नव्हती म्हणून सगळे केमिकल बाथ, सिलार, स्प्रे पायरोलिसिस असल्या कमी खर्चाच्या पद्धतींत तयार झाले, बीकरमध्ये काच बुडवून फिल्म करायची, आणि इथल्या लॅबना नेमका तसा हात चालणारा माणूस पाहिजे होता, मशीन त्यांच्याकडं आहेतच. मी आलो तेव्हा विमानतळावर घ्यायला माणूस, रूम बघून ठेवलेली, रेसिडेन्स कार्डाला बरोबर यायला माणूस, तांदूळ कुठला घ्यायचा इथपर्यंत सगळं सीनियरनी केलं. त्याबद्दल एक शब्द वाकडा बोलणार नाही.

पण आता परत यायचंय. करार एकेका वर्षाचा असतो, बायको आणि मुलगी कोल्हापुरात, आईवडिलांचं वय झालंय. भारतात अर्ज करायला बसलो तर लक्षात येतंय की मी ज्यांना ओळखतो ते सगळे एकतर कोल्हापूरचे नाहीतर कोल्हापूरचेच पण कोरियातले. आयआयटी, आयसर, सीएसआयआर लॅब अशा केंद्राच्या संस्था, कुठंच मला नावानं ओळखणारा माणूस नाही. मेल टाकले तर बहुतेकांची उत्तरं येत नाहीत. लिंक्डइनवर लोक धडाधड कनेक्ट होतात आणि पुढं शांत. हे नेटवर्किंग म्हणतात ते नक्की करायचं कसं? मला लोकांच्या मागं लागायला लाज वाटते, वशिला लावल्यासारखं वाटतं. आणि फेलोशिप कुठली बघू? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

कटिंगचहा:
भावा, भारतात सगळं आधीच ठरलेलं असतं, अ‍ॅड निघते तेव्हा आत माणूस बसलेला असतो. तिकडंच पीआर (कायमचा रहिवास) बघ. कॉमेंट सेव्ह करून ठेव.

पाषाणरोड:
वरच्या कॉमेंटमध्ये थोडं खरं आहे, पण तेवढंच धरून बसलं तर अर्जच करायला नको. मी अमेरिकेतून परत आलो, आता पुण्यात एका संस्थेत आहे आणि आमच्या विभागात येणारे अर्ज चाळायचं काम दोनदा माझ्याकडे आलंय, त्यामुळे टेबलाच्या या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

मेलला उत्तर का येत नाही? कारण पन्नास जणांना तोच मेल जातो, 'रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम व्हेरी मच इंटरेस्टेड इन युअर एस्टीम्ड इन्स्टिट्यूट', आणि खाली नऊ पानी बायोडाटा. वाचणारा पहिल्याच ओळीत ओळखतो की हा माझा एकही पेपर उघडून बघितलेला माणूस नाही. याउलट मध्ये एकाचा मेल आला, चार ओळींचा: तुमच्या अमुक पेपरमध्ये इलेक्ट्रोड हजार चार्ज-डिस्चार्ज सायकलनंतर पडतो असं दिसतंय, आमच्याकडे तसंच झालं, कोरियातल्या पोहांगच्या सिंक्रोट्रॉनवर (तीव्र एक्स-रे देणारं मोठं यंत्र) बघितलं तर ऑक्सिडेशन स्टेट बदललेली निघाली, डेटा दाखवू का? त्याला मी त्याच दिवशी उत्तर दिलं. नोकरीचं त्याने अक्षरही काढलं नव्हतं. डिसेंबरमध्ये घरी आला तेव्हा आमच्याकडे सेमिनार दिला, आमच्या पोरांनी त्याला दोन तास सोडला नाही. पुढे त्याचा अर्ज आला तेव्हा खोलीत चार माणसं अशी होती की ज्यांनी त्याला बोलताना ऐकलंय. याला वशिला म्हणायचं असेल तर म्हण, मी नाही म्हणणार, कारण त्याने बोर्डावर उभं राहून उत्तरं दिली होती.

तर डिसेंबर-जानेवारीत गावी जाशील तेव्हा एखाद-दोन ठिकाणी सेमिनार ठेव. ऑक्टोबरमध्येच मेल टाकायचा, विषय आणि पाच ओळींचा सारांश जोडून. डायरेक्टरला नाही, तुझ्या विषयाच्या जवळच्या एका माणसाला. बहुतेक ठिकाणी गेस्ट हाऊस मिळतं, प्रवासाचं मिळेलच असं नाही, कोल्हापूर-पुणे तिकीट तू काढशीलच.

आता कडू गोष्ट, रागावू नकोस. तुमच्या त्या कोल्हापूर-कोरिया जाळ्याचा एक तोटा आम्हाला अर्जात स्पष्ट दिसतो. पेपर भरपूर, पण प्रत्येकावर तीच बारा-पंधरा नावं फिरून फिरून, आणि सायटेशन बघितली तर त्यातली बरीच याच मंडळींची. काम चांगलं असतं, पण यात याचं स्वतःचं काय हे कळत नाही. रेफरन्स देणारे तिघेही त्याच जाळ्यातले. एक तरी रेफरन्स असा पाहिजे की ज्याचं तुझ्याबरोबर नाव नाही, ज्याने तुझं काम लांबून बघून मत बनवलंय. तो माणूस एका वर्षात तयार करता येतो, कॉन्फरन्समध्ये पोस्टरसमोर उभं राहून, पण आपली मुलं तिथेही आपल्याच घोळक्यात जेवतात. हे मी अमेरिकेतही बघितलं, तिथे फक्त कोल्हापूरच्या जागी आयआयटीची बॅच असते.

फेलोशिपचं सांगायचं तर रामलिंगस्वामी ही डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची), म्हणजे मुळात बायोवाल्यांची, तुझा विषय ओढूनताणून बसवावा लागेल. तुला रामानुजन जवळची, ती परदेशात असणाऱ्यांसाठीच आहे, म्हणजे आधी परत येऊन मग अर्ज करतो म्हणालास तर गेली. दोन्हीला इथली एक संस्था 'हा आमच्याकडे बसेल' असं पत्र देणारी लागते. आणि तिथे तुझा प्रश्न सुटतो की ओळख कशाला लागते, या पत्रासाठी लागते. रामानुजन देणाऱ्या सर्बचं (केंद्राचं संशोधन निधी मंडळ) आता एएनआरएफ झालंय, कॉल कधी निघतो ते त्यांच्या साइटवरच बघत राहा, जुन्या ब्लॉगवरच्या तारखांवर जाऊ नकोस. सीएसआयआरची सायंटिस्ट्स पूल योजना तर १९५८ पासूनची आहे, परत आलेल्यांना तात्पुरतं बसायला जागा म्हणून. आमचे सर सांगायचे, त्यांच्या पिढीतले बरेच जण त्यावर आले आणि मग कुठेतरी चिकटले.

माइंझची_मृण्मयी:
पाषाणरोड यांचं घोळक्यात जेवण्याचं वाक्य लागलं, कारण अगदी खरं आहे 😄

मी जर्मनीत आहे, पॉलिमरमध्ये. इकडे एक गोष्ट चांगली आहे ती म्हणजे परत जाणाऱ्या माणसाशी संबंध टिकवायची सोय यांनी कागदावर करून ठेवलीय. मॅक्स प्लांकमध्ये पोस्टडॉक केलेला माणूस भारतात जाऊन जागेवर बसला की तिकडे 'पार्टनर ग्रुप' काढू शकतो, वर्षाला २०,००० युरोपर्यंत, आधी तीन वर्षं आणि काम बघून पुढे एकूण पाच. आपल्याकडच्या नव्या प्राध्यापकाला पहिल्या दोन वर्षांत फ्युमहूड (विषारी वाफा ओढणारं कपाट) बसायची वाट बघावी लागते, तेव्हा या पैशात एक विद्यार्थी इकडे येऊन मोजमापं करून जातो. संशोधकांना फेलोशिप देणारे हुम्बोल्ट फाउंडेशनवाले तर माणूस एकदा त्यांचा झाला की आयुष्यभर त्यांचाच. तुमच्या कोरियात ब्रेन पूल म्हणून आहे ना, बाहेरच्या शास्त्रज्ञाला बोलावून घ्यायचं? उद्या तू भारतात असशील तेव्हा तुझ्या प्रोफेसरने तुला त्यावर बोलवावं, हे आत्ताच त्यांच्या कानावर घालून ठेव. निघायच्या आठवड्यात नको, तेव्हा ते नव्या पोस्टडॉकच्या कागदपत्रांत असतात.

आणि एक, ओळख आणि मैत्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मला चाळीस माणसं भेटतात, मोदकाच्या रांगेत सगळ्यांशी गप्पा होतात, त्यांनी मला घर शोधून दिलंय, पोराच्या किंडरगार्टनचा अर्ज भरून दिलाय, पण त्यातलं कुणीही मला पुण्यातल्या लॅबची वाट दाखवू शकत नाही आणि तशी अपेक्षा करणंही चूक. त्यासाठी इंडियाबायोसायन्सची यंग इन्व्हेस्टिगेटर्स मीटिंग असते तसं काहीतरी लागतं. २००९ पासून चालू आहे, तिथे नुकते जागेवर बसलेले, परदेशातले पोस्टडॉक आणि संस्थांचे डायरेक्टर एकाच हॉस्टेलवर राहतात, डायरेक्टर पण ताट घेऊन तुमच्याच रांगेत. माझ्या ओळखीतल्या दोघींना त्या जेवणातूनच पुढे बोलावणं आलं. ते बायोवाल्यांचं झालं. मटेरियल्सवाल्यांनी इतक्या वर्षांत असं काही का उभं केलं नाही हे मला कळलेलं नाही, संख्येने तर तुम्हीच जास्त.

देवरुखकर_मास्तर:
सगळे आयसर, आयआयटी, एनसीएल (पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) यांच्यावरच बोलताहेत म्हणून मी मध्ये पडतो. मी कोकणात एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो, आधी सहा वर्षं सीएचबीवर काढली, म्हणजे तासावर पैसे, मे महिन्यात शून्य. माझे दोन विद्यार्थी तुमच्याच लाईनने कोरियात गेलेत.

आधी जागेबद्दल. राज्यातल्या विद्यापीठांत, कॉलेजांत यायचा विचार असेल तर यूजीसीच्या २०१८ च्या नियमांमधला शॉर्टलिस्टिंगचा तक्ता काढून बघा. विद्यापीठासाठी १०० पैकी पेपरना जास्तीत जास्त १० गुण, एका पेपरला २. कॉलेजला तर जास्तीत जास्त ६. म्हणजे तुमचे साठ पेपर असोत की पाच, तिथे सारखेच. पोस्टडॉकच्या अनुभवाला वर्षाला २ प्रमाणे १० पर्यंत. आणि बीएस्सीच्या टक्क्यांना विद्यापीठाच्या तक्त्यात १५, कॉलेजच्या तक्त्यात २१. विशीत बीएस्सीला गचके खाल्लेला माणूस पस्तिशीत कोरियाहून नेचर घेऊन आला तरी तिथेच अडकतो. हे नियम बदलायचं चाललंय, राज्य पण आपलं वेगळं काढतं, तेव्हा अ‍ॅडमध्ये काय छापलंय ते शब्दन्‌शब्द वाचा. त्यात पुन्हा बिंदुनामावली (आरक्षणाच्या जागांचा क्रम), त्यात कोर्टाची स्थगिती. तुमची ओळख डायरेक्टरशी असली तरी या तक्त्यापुढे तिचा उपयोग नाही, आणि एका अर्थी ते बरंच आहे.

आता परदेशातल्या मंडळींच्या मायभूमीच्या प्रेमाबद्दल. दर डिसेंबरला कुणीतरी येतं. शाल, श्रीफळ, सभागृहात दीडशे पोरं बसवलेली, पहिल्या रांगेत संस्थेचे पदाधिकारी, भाषणाचा विषय 'संशोधनातील संधी', जेवण, फोटो, गेले. पोरांना त्यातून काय मिळतं ते मी बघतोय. आमच्या एका विद्यार्थ्याने असं काही केलं नाही. तो म्हणाला सर, सॅम्पल पाठवा. आम्ही एफटीओ काचेचे (वीज वाहणारा थर दिलेल्या काचेचे) सेंटीमीटरचे तुकडे, मागच्या बाजूला हिऱ्याच्या पेनाने नंबर कोरून, एकेक टिश्यूत गुंडाळून, गोळ्यांच्या रिकाम्या डबीत भरून कुरिअर केले. बाहेर इंग्रजीत लिहिलं 'काचेचे नमुने, व्यापारी किंमत नाही'. त्याने तिकडे रात्री मशीन रिकामं असताना एक्सपीएस (पृष्ठभागावर कुठली मूलद्रव्यं, कुठल्या अवस्थेत ते दाखवणारी एक्स-रे चाचणी) काढलं आणि नुसतं रंगीत चित्र नाही, कच्चा डेटा पाठवला. मग शनिवारी संध्याकाळी मीटवर बसून माझ्या एमएस्सीच्या तीन मुलींना पीक फिटिंग (आलेखातले उंचवटे वेगळे ओळखणं) शिकवलं, बॅकग्राउंड कसा वजा करायचा, कुठला पीक खरा आणि कुठला आपल्याला पाहिजे म्हणून काढलेला. त्यातली एक आज इंदूरला पीएचडी करतेय. त्याला शाल मी आजपर्यंत दिलेली नाही.

तेव्हा रंकाळा, तुला मागं लागायची लाज वाटते ना, मग मागू नको, दे. तुझ्याकडं मशीन आहे, आमच्याकडं पोरं आहेत.

पाषाणरोड:
मास्तर, तक्त्याचं मला इतकं बारकाईनं माहीत नव्हतं, आमच्याकडे तो लागत नाही. मशीनचं मात्र एक सांगतो, दरवेळी कोरियाला कुरिअर करायची गरज नाही. आयस्टेम पोर्टलवर देशातल्या लॅबची यंत्रं बुक करता येतात. मुंबई आयआयटीचा आयएनयूपी बाहेरच्या कॉलेजवाल्यांना नॅनोच्या सुविधा वापरू देतो, शिकवतोही. इंदूरला इंडस-२ सिंक्रोट्रॉन आहे, प्रस्ताव चांगला असेल तर बीमटाइम (त्यावर मोजायची वेळ) मिळतो. रंकाळा, तू पोहांगला मोजलंयस असं धरतो, तर इंडसच्या प्रस्तावात मास्तरांबरोबर नाव टाक. बीमलाइनवर रात्रपाळी एकत्र केलेली माणसं एकमेकांना विसरत नाहीत, आणि तिथे तुला देशभरचे लोक भेटतील, कोल्हापूर सोडून 🙂

गुरुत्वीय_गण्या:
मी खगोलवाला, त्यामुळे मटेरियल्समध्ये काय चालतं माहीत नाही, पण परदेशातल्या ओळखी आणि घरचं काम यांचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच राज्यात उभं राहतंय आणि इथे कुणी नावच घेतलं नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया, म्हणजे गुरुत्वीय लहरी (अवकाशाच्या सूक्ष्म थरथरी) पकडणारी वेधशाळा.

हे काही सरकारला एका सकाळी सुचलं नाही. नारळीकर १९७२ ला केंब्रिजहून मुंबईच्या टीआयएफआरला आले, १९८८ ला पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था झाली, तिथे संजीव धुरंधर गुरुत्वीय लहरींच्या डेटा अ‍ॅनालिसिसवर काम करत बसले, तेव्हा लहरी सापडायच्या लांबच, डिटेक्टरही बांधून झाले नव्हते. धुरंधर आणि सत्यप्रकाश यांचा १९९१ चा पेपर, गोंगाटातून सिग्नल ओळखायला फिल्टर कसे निवडायचे त्यावरचा, आजही या विषयात नवा आलेला पोरगा वाचतो. पुढे सत्यप्रकाश ब्रिटनमध्ये कार्डिफला, मग अमेरिकेत पेन स्टेटला. धुरंधरांचे विद्यार्थीही जगभर पांगले. २००९ ला इथले आणि बाहेरचे मिळून इंडिगो नावाचा गट केला. त्यामुळे लायगोचा एक डिटेक्टर भारतात बसवायचा विषय निघाला तेव्हा दोन्ही बाजूंना एकमेकांचं काम माहीत असलेली माणसं बसलेली होती. ११ फेब्रुवारी २०१६ ला लहरींचा शोध जाहीर झाला आणि १७ तारखेला कॅबिनेटची तत्त्वतः मंजुरी आली. सहा दिवसांत काही होत नसतं आपल्याकडे, ते आधीचं पंचवीस वर्षांचं होतं. त्यानंतर मात्र आपलं नेहमीचं, पूर्ण मंजुरी यायला एप्रिल २०२३ उजाडलं, २६०० कोटी.

माझं म्हणणं एवढंच की जे बाहेर राहिले ते 'गेले' असं धरू नका. मी स्वतः परत येणार नाही, बायकोचं काम इकडे, मुलं मोठी झालीत, उगाच खोटं कशाला बोलू. पण वर्षातून येऊन काम करायच्या सोयी आहेत. सरकारच्या ग्यान योजनेत एक-दोन आठवड्यांचा कोर्स शिकवता येतो, २०१७ ला वज्र काढली होती वर्षाला एक ते तीन महिन्यांसाठी, आता वैभव आहे, वर्षाला एक-दोन महिने असं तीन वर्षांपर्यंत, महिना ४ लाख. गोम अशी की या सगळ्या योजना तिकडे आधीच बूड टेकलेल्या माणसासाठी आहेत. पोस्टडॉकसाठी, म्हणजे ज्याला खरी गरज आहे त्याच्यासाठी, अशी येऊन-जाऊन काही सोय नाही. तो बिचारा स्वतःच्या पैशाने तिकीट काढतो आणि आईला भेटायला आलोय असं सांगून सेमिनार देऊन जातो.

मास्तर, तुमच्या विषयाला लागू नाही, पण तुमच्या कॉलेजात खगोलची आवड असलेलं कुणी असेल तर आयुकाची असोसिएटशिप विद्यापीठ-कॉलेजच्या शिक्षकांसाठीच आहे, येण्याजाण्याचा, राहण्याचा खर्च तेच करतात, सुट्टीत येऊन तिथं काम करता येतं.

कटिंगचहा:
गण्या, सगळं ठीक पण माशेलकरांना सीएसआयआरचे तेव्हाचे प्रमुख नायुडम्मांनी स्वतः बोलावलं म्हणून ते १९७६ ला ब्रिटनमधलं सॅलफर्ड सोडून एनसीएलला आले. मोठ्या माणसानं बोलावणं हाच वशिला झाला की.

पाषाणरोड:
झाला. फरक एवढाच की तिकडे बोलावणाऱ्याला यादी करून माणसं शोधायची फिकीर होती. आज ती फिकीर कुणाच्या टेबलावर आहे ते शोध आणि आम्हाला पण सांग.

रंकाळा_ग्वांगजू:
सगळ्यांचे आभार, एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. पाषाणरोड सर, रागवायचा प्रश्न नाही, ते बारा नावांचं मी स्वतः गूगल स्कॉलरवर बसून मोजलं आणि गप्प बसलो. एका गोष्टीचा खुलासा मात्र करतो, आमच्यात नावं एवढी का फिरतात. इथं मशीन वेगवेगळ्या विद्यापीठांत आहेत, फी भरून मोजायचं म्हटलं तर प्रोफेसरच्या ग्रँटमधून मंजुरी घ्यावी लागते, म्हणून आम्ही एकमेकांचं मोजून देतो, एक टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) बघतो, एक गणन करतो, आणि ज्यानं केलं त्याचं नाव घालणं हे बरोबरच आहे की. पण बाहेरून ते कसं दिसतं हे आज कळलं. पुढच्या दोन पेपरना मी पहिला आणि करस्पाँडिंग (पेपरची जबाबदारी घेणारा) लेखक अशी परवानगी ग्योसुनिमना मागणार आहे, म्हणजे आमच्या प्रोफेसरना. शुक्रवारी लॅबचं जेवण आहे, तिथं ते जरा मोकळे असतात.

मास्तर, तुमचे सॅम्पल पाठवा. मी एक्सपीएस आणि एक्सआरडी (स्फटिकरचनेची चाचणी) दोन्ही काढून देतो, कच्च्या डेटासकट. पत्ता मेसेज करतो. शनिवारी संध्याकाळी तुमचे पाच म्हणजे आमचे साडेआठ, चालतंय.

माइंझची_मृण्मयी:
शुक्रवारी जेवणात विचारू नकोस, सगळ्यांसमोर प्रोफेसर हो म्हणतात आणि सोमवारी विसरतात. आधी ड्राफ्टवर नावांचा क्रम लिहून, त्यांना एकट्याला दाखव.

देवरुखकर_मास्तर:
सॅम्पल सोमवारी टाकतो. मुली विचारतायत, कार्बनचा पीक आधी कॅलिब्रेट करून पाठवणार की त्यांनी करायचा?

रंकाळा_ग्वांगजू:
त्यांनी करायचा. २८४.८ इलेक्ट्रॉनव्होल्टवर आणायला सांगा, चुकलं तर शनिवारी बघू.